क्याई मेंडुंग यांचं मौन

“तुझ्या धुरानंच त्यांचा गळा बसलाय,” कास्दी पुन्हा म्हणाला.

“त्यांचा!” मुजिराने झारा कढईच्या काठावर आपटला. “ऐकलंस का विदार्ती? पाखराला ‘त्यांचा’. आणि मला? अगं ए, पाणी आण. अगं ए, माझी टोपी कुठंय. या घरात मला कुणी ‘आपण’ म्हणावं असं वाटत असेल, तर आता बांबूवर चढून बसायला हवं.”

“बुने, विषय बदलू नकोस.”

“विषय धुराचाच चाललाय. तुम्ही दिवसभर लवंगेच्या सिगरेटी ओढता, तो धूर चालतो वाटतं त्यांना?”

“मी त्यांच्याकडे पाठ करून ओढतो.”

सून विदार्ती विहिरीपाशी तांदूळ धूत होती. तिने मान इतकी खाली घातली की केस पाण्यात गेले. तिचा नवरा सुगेंग ट्रक घेऊन महिनामहिना किनाऱ्याच्या रस्त्याला असायचा, त्यामुळे सासूसासऱ्यांची भांडणं हीच तिची करमणूक होती. ती दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नसत. तो ‘पाकने’, म्हणजे पोराचा बाप, आणि ती ‘बुने’, म्हणजे पोराची आई. रागाच्या वेळीसुद्धा हे सुटायचं नाही, फक्त आवाज चढायचा. विदार्ती त्यांना नुसतं ‘पाक’ आणि ‘बू’ म्हणायची, गावात वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं.

“रविवारी पाक त्रिमो आणि मंडळी क्याईंचं गाणं ऐकायला येणार आहेत,” कास्दी म्हणाला. “त्याच्या आत ही चूल बकऱ्यांच्या गोठ्यामागं गेली पाहिजे. मी जागा बघून ठेवलीय.”

“तिथं वारा आहे.”

“वाऱ्यानं धूर लांब जाईल.”

“जाळही जाईल. मग पेयेकच्या पापड्या काय तुमच्या तोंडच्या वाफेवर तळू?”

कास्दीने वर पाहिलं. अंगणाच्या मधोमध उंच बांबू होता, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोरी, आणि दोरीला घुमटाच्या आकाराचा पिंजरा. पिंजऱ्यात क्याई मेंडुंग बसले होते. राखी तोंड, मानेवर बारीक काळ्या रेघा, पाठ मातकट, आणि शेपूट अंगाच्या मानानं जरा जास्तच लांब. हा आपला साधा पट्ट्यापट्ट्यांचा होला. पण ‘क्याई’ हा मान गावात जुन्या खंजिराला आणि वडीलधाऱ्या गुरूला देतात, आणि मेंडुंग म्हणजे आभाळ भरून आलेला ढग. ढग भरून आला होता खरा. गडगडत मात्र नव्हता.

कास्दीची सगळी नोकरी गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर गेली. गाडी दिसायच्या आधी त्याला ती ऐकू यायची. रुळाच्या गुणगुणण्यावरून माल आहे की माणसं हे तो सांगायचा. निवृत्त झाला तसे त्याचे कान बेकार झाले. घरात ऐकण्यासारखं काही नव्हतं असं नाही. मुजिरा पुष्कळ काही सांगत असायची. पण त्याला दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं. मग एक दिवस तो मोपेड घेऊन बाहेर पडला आणि पिंजरा घेऊन चालत घरी आला.

जुन्या लोकांच्या हिशेबात घर, बायको, खंजीर, वाहन आणि पाखरू एवढं जमलं की पुरुष पुरा होतो. कास्दीने हे तिला मोठ्या गंभीरपणे सांगितलं. मुजिराने बोटं मोजली. “खंजीर तुमच्या धाकट्या भावानं नेला. वाहन आज गेलं. म्हणजे आधी तीन होते आणि आताही तीनच.” मग बाजारच्या दिवशी, म्हणजे लेगीला, पेयेकचे डबे मोपेडच्या मागे बांधून जाणारी मुजिरा सायकलच्या मागे बसून जाऊ लागली. चढ आला की उतरायची आणि मागून ढकलायची.

पाखरू देणारा माणूस गोड बोलणारा होता. हे घरंदाज पाखरू आहे, म्हणाला. मानेवरच्या रेघा बघा, पूर्ण फिरल्यात. असं पाखरू उठसूट बोलत नाही. घर बघतं, माणसं बघतं, मग बोलतं, आणि बोललं की घराचं भलं होतं. कास्दी तेव्हापासून वाट बघत होता. पहाटेची नमाज झाली की दोरी ओढून पिंजरा वर चढवायचा, म्हणजे पहिलं ऊन क्याईंना. ऊन तापलं की खाली. मग फवाऱ्याने आंघोळ, बारीक राळं, काळ्या तांदळाचे चार दाणे, चोचीला घासायला समुद्रफेसाचा तुकडा. गुरुवारी संध्याकाळी पिंजऱ्याला मोगऱ्याची फुलं. आणि हे सगळं करताना तोंडात दरबारी भाषा: “आपण जेवलात का? आपल्याला वारा लागत नाही ना?”

क्याई दाणे टिपायचे आणि गप्प बसायचे.

पाक त्रिमो, जो कधीकाळी गावचा मुखिया होता आणि पाखरांतलं ज्याला सगळं कळतं असं तो स्वतः म्हणायचा, त्याने एकदा विचारलं होतं, “नर आहे ना नक्की? यांच्यात वरून कळत नाही. ओटीपोटाची हाडं चाचपून बघावी लागतात.” कास्दीला ऐकूनच घाम फुटला. क्याईंना चाचपायचं? कुणी त्रिमोला कधी चाचपलं होतं का? तो विषय तिथंच मिटला, आणि मौनाचं खापर हळूहळू चुलीच्या धुरावर येऊन फुटलं.

चूल विहिरीच्या भिंतीच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात होती, वर कौलांची उतरती पडवी. वारा तिथं पोचायचा नाही. पेयेकचं पीठ कढईच्या आतल्या बाजूला, तेलाच्या जरा वर, चमच्याने ओतायचं. ते आपोआप पसरून जाळीसारखं होतं, त्यात शेंगदाणे अडकतात, आणि मग ते तेलात सरकवायचं. जाळ एकदा जरी हलला तरी पापडी जाड होते. मुजिराच्या पापडीतून पलीकडचं दिसायचं. बाजारात शेंगदाण्याची पेयेक विकणाऱ्या इतरही बायका होत्या, पण गिऱ्हाईक त्यांच्यावरून पुढे चालत मुजिराकडे यायचं. सुगेंगची शाळा या चुलीवर झाली, विहिरीची भिंत या चुलीवर झाली. फाटकवाल्याच्या पगारात तांदूळ यायचा, बाकी सगळं कढईतून बाहेर आलं होतं.

आणि होल्यांचं म्हणाल, तर ते चुलीपाशी आधीपासूनच होते. मुजिरा तांदूळ पाखडायची तिथं कण्या सांडायच्या, आणि शेताच्या बांधावरून, केळींच्या मागून होले चालत यायचे. उडत नाही, चालत. शेपूट सांभाळत, छोट्या छोट्या पावलांनी, घाईत असलेल्या पाहुण्या बायकांसारखे. “सरक गं बाई, पाय पडेल,” असं मुजिरा त्यांना न बघताच म्हणायची. त्यातला एक, ज्याची शेपटी एका बाजूनं तुटकी होती, दाणे टिपून झाले की चुलीशेजारच्या पेरूच्या झाडावर चढायचा आणि धुरात बसून सुरू करायचा: हूर-केतेकूक... कूक... कूक...

“हा बघा,” मुजिरा म्हणाली, “माझ्या धुरात जन्म काढतोय. त्याचा गळा कसा आहे?”

“तो रानटी आहे,” कास्दी म्हणाला. “ओरडायला काय, रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ओरडतो.”

मुजिराने आणखी एक गोष्ट पाहिली होती, पण ती बोलली नव्हती. पिंजरा वर गेला की हा तुटक्या शेपटीचा उडून बांबूच्या टोकाला जायचा आणि क्याईंच्या समोर वाकायचा. मान फुगवून, डोकं खाली, शेपटी वर उचलून पंख्यासारखी पसरलेली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुरुषापुढे पुरुष इतका वाकलेला तिने फक्त गावच्या निवडणुकीत पाहिला होता.

शुक्रवारी कास्दीने खरंच गोठ्यामागे चूल बांधली. माती मळली, दोन तोंडं केली, वर हात फिरवून गुळगुळीत केली. हात चांगला होता त्याचा. कोपऱ्यातली जुनी चूलही त्यानेच बांधली होती, सुगेंग पोटात असताना. मुजिरा लांबून बघत होती आणि तिला ते आठवलं, त्यामुळे ती जास्तच चिडली.

“करून बघ,” तो म्हणाला. “करून बघायच्या आधीच नाही म्हणू नकोस.”

“बरं,” मुजिरा म्हणाली.

तिचं ‘बरं’ ऐकून विदार्ती कढई उचलता उचलता थांबली. सासू इतक्या सहज ‘बरं’ म्हणाली की काहीतरी व्हायचंच. मुजिरा गोठ्यामागे बसली. बकऱ्या भिंतीवरून डोकावून बघू लागल्या. भाताच्या शेतावरून वारा सरळ येत होता. जाळ एकदा डावीकडे झोपायचा, एकदा उजवीकडे. तिने काहीही वाकडं केलं नाही. नेहमीसारखं पीठ ओतलं, नेहमीसारखं सरकवलं. जे बाहेर आलं ते तिने दुपारी भात आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर कास्दीच्या ताटात वाढलं.

कास्दीने एक तुकडा तोंडात घातला. घरात बराच वेळ फक्त त्याच्या दाढांचा आवाज होता.

“कशी झालीय?” मुजिराने विचारलं.

“बरी आहे.”

“अजून घ्या ना. पडवीची दोन कौलं फुटलीत, उरली तर तिथं लावू.”

विदार्ती ताट घेऊन उठली आणि आत जाऊन हसली. कास्दीने पाण्याबरोबर तो तुकडा गिळला. पण तोंडाने एवढंच म्हणाला, “हात बसेल हळूहळू. रविवारपर्यंत तरी इथंच तळ. मंडळींना मी शब्द दिलाय.”

तेव्हा मुजिराला कळलं की ही गंमत राहिलेली नाही. येत्या लेगीला तिने ही कौलं बाजारात मांडली, तर पुढच्या लेगीला गिऱ्हाईक तिच्यावरूनही पुढे चालत जाणार होतं.

शनिवारी कास्दी पाहुण्यांसाठी तिळाचे लाडू आणायला सायकलवरून गेला. जाताना सांगून गेला, ऊन चढलं की क्याईंना अलगद खाली घ्या. मुजिराने दोरी सोडली. पिंजरा खाली आला, आणि त्याच्या तळाशी, वाळलेल्या मोगऱ्याच्या शेजारी, एक अंडं होतं.

पांढरं, गुळगुळीत, अंगठ्याच्या पेराएवढं. शेजारी क्याई मेंडुंग उभे होते. चोचीत मोगऱ्याचा एक देठ होता. दुसरे दोन देठ त्यांनी अंड्याखाली सरकवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. ही जात घरटं बांधते म्हणजे काय, चार काड्या आडव्या टाकते. खालून अंडी मोजता येतात. पण इथं तेवढ्याही काड्या नव्हत्या.

“बू!” विदार्तीने तोंडावर हात ठेवला. “क्याई बाळंत झाले!”

दोघी पडवीच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की मुजिराच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“आता पाक काय म्हणतील? पाक त्रिमोंना मीच सांगून येते. उद्यापर्यंत सगळ्या गावाला...”

“कुठं जात नाहीस तू,” मुजिरा म्हणाली.

तिने पदराच्या टोकाने डोळे पुसले. अंडं समोर होतं. हे एवढंसं अंडं कास्दीच्या हातावर ठेवलं की चूल जिथल्या तिथं. पुन्हा धुराचा ‘ध’ काढायची त्याची हिंमत झाली नसती. आणि पाक त्रिमोच्या समोर ठेवलं असतं तर कास्दीला गावातल्या चहाच्या दुकानात जाणंच बंद करावं लागलं असतं. फाटकवाला, ज्याने होल्याच्या मादीला महाराज केलं. मरेपर्यंत पुरलं असतं ते गावाला. मुजिराला नवऱ्याला हसायला आवडायचं, पण ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला तिची तयारी नव्हती.

तिने खराट्याच्या चार काड्या मोडल्या, नारळाची एक करवंटी आणली, तिच्यात काड्या टाकून अंडं आत ठेवलं. पिंजरा पडवीच्या कडेला, जुन्या चुलीजवळच्या पेरूच्या फांदीला टांगला आणि वर कापड टाकलं.

कास्दी आला. “क्याई इथं कशाला? धुरात?”

“तुम्हीच बघा. मला काही त्यांच्याशी बोलता येत नाही, माझी भाषा हलकी.”

त्याने कापड उचललं. तो वाकून करवंटीत बघत राहिला, एका हातात कापड, दुसऱ्या हातात लाडवांची पुडी.

“हे कुणी ठेवलं आत?”

“करवंटी मी ठेवली.”

“करवंटीतलं?”

“ते ठेवत नाहीत, पाकने. ते घालावं लागतं.”

तो पायरीवर बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मुजिराने चार टोमणे जमवून ठेवले होते, एकापेक्षा एक सरस. त्याचं तोंड बघून तिने दोन परत ठेवले.

“रोज पहाटे मी...” तो म्हणाला.

“हो. ‘आपण झोपलात का नीट?’ ऐकलंय मी. बाईमाणसाला कुणी इतकं विचारलं तर ती अंडं देईल नाहीतर काय करेल?”

“उद्या मंडळी येणार आहेत.”

“सांगा, बरं नाही म्हणून.”

“खोटं सांगू?”

“मग खरं सांगा.”

“तू कुणाला बोलू नकोस,” कास्दी म्हणाला.

“नाही बोलत. पण मी उद्या तळणार ते इथं, या चुलीवर.”

“धूर...” सवयीने त्याच्या तोंडून निघालं.

“बाळंतिणीला ऊब लागते,” मुजिरा म्हणाली.

रविवारी सकाळी पाक त्रिमो आणि आणखी दोन म्हातारे आले. पडवीत चटई टाकली होती, गरम चहा आणि खडीसाखर ठेवली होती. पिंजरा कापडासकट फांदीला होता. आत सकाळी दुसरं अंडं आलं होतं. मुजिरा चुलीपाशी होती. लेगी दुसऱ्याच दिवशी होता आणि डबे भरायचे होते.

“झाकलंय का?” पाक त्रिमोने विचारलं.

कास्दी तोंड उघडणार, एवढ्यात वरून आलं: हूर-केतेकूक... कूक... कूक...

पाक त्रिमोने डोळे मिटले. इतर दोघांनीही मिटले. पुन्हा आवाज आला, पहिल्यापेक्षा भरदार. धुराची एक वळकटी पेरूच्या पानांतून वर जात होती आणि तिच्यातून तो आवाज गोल होऊन खाली उतरत होता.

“वा,” त्रिमो हळूच म्हणाला. “सुरुवात बघा कशी उचलली. मधला सूर बघा. आणि शेवटी तान कशी सोडली! कास्दी, गड्या, मी म्हणत होतो ना, मोठी पाखरं उशिरा बोलतात. तुमचे दिवस पालटले.”

कास्दी हातात कप धरून बसला होता. इतक्या महिन्यांत त्याला ऐकायचं होतं ते हेच होतं, शब्द न् शब्द. मुजिराने त्याच्याकडे बघितलं नाही. ती तेलाकडे बघत राहिली. हा आता मान हलवेल, तिला वाटलं. हलवली तर आपण काही बोलायचं नाही, शब्द दिलाय. मग आपण जन्मभर हे ऐकत बसायचं, की त्या रविवारी क्याई कसे बोलले.

“पण एक सांगतो,” त्रिमोने डोळे उघडले, “एवढा सोन्यासारखा गळा आणि तुम्ही तो धुरात टांगलाय? ही चूल आधी हलवा इथून. आजच हलवा. वहिनी, राग मानू नका हं, पण पापड काय कुठंही तळता येतात.”

मुजिराच्या चमच्यातलं पीठ कढईच्या काठावर जरा जास्तच ओतलं गेलं.

कास्दीने कप खाली ठेवला. फाटकावर असताना गाडी यायची वेळ झाली की तो असाच उठायचा, कुणी समोर बोलत असलं तरी. तो पिंजऱ्यापाशी गेला आणि कापड काढलं. करवंटीत क्याई मेंडुंग पिसं फुगवून बसले होते. तोंड मिटलेलं होतं. झाडावरून पुन्हा आवाज आला.

“ती नाही बोलत,” कास्दी म्हणाला. “ती अंड्यांवर बसलीय. बोलतो तो वरचा, रानातला. तो रोज इथं, याच धुरात बोलतो. मी ऐकून घेत नव्हतो.”

दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्या नाकातून चहा आला, आणि मग जे हसणं सुरू झालं त्याने बकऱ्या ओरडू लागल्या. “क्याई!” “अरे, क्याई नाही, क्याईबाई!” “कास्दी, आता बारशाला बोलवा!” पाक त्रिमोचं हसू सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी आलं, कारण मधला सूर त्याने वाखाणला होता.

“हाडं चाचपा म्हणालो होतो मी,” तो म्हणाला.

“पाक त्रिमो,” मुजिरा चुलीकडून म्हणाली, “डोळे मिटून ऐकलं की झाडावरचं आणि पिंजऱ्यातलं कळत नाही होय? मला वाटलं तुम्हाला कळत असेल.” आणि तिने काठोकाठ भरलेलं ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं. “घ्या. कुठंही तळता येतात.”

कास्दीचे कान लाल झाले होते, पण तो हसत होता, आणि हसताना तिच्याकडे बघत होता. त्याला तसं बघताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तिने लगेच तोंड फिरवून जळण पुढे सरकवलं.

मंडळी पेयेकच्या पुड्या घेऊन गेली. ऊन चढलं. तुटक्या शेपटीचा पेरूवरून उतरून पिंजऱ्याच्या टपावर येऊन बसला. गजांभोवती फिरला, आत डोकावला, पुन्हा फिरला.

“काय करतोय तो?” विदार्तीने विचारलं.

“त्याची पाळी आलीय,” मुजिरा म्हणाली. “यांच्यात दिवसा नवरा बसतो अंड्यांवर. बायको तेवढ्यात दोन दाणे खाऊन येते. हिची ही अंडी पोकळच असणार, गजांतून काय व्हायचंय. पण बिचारा रांगेत उभा आहे.”

कास्दी ऐकत होता. उठून त्याने पिंजऱ्याचं दार वर सरकवलं, आणि पुन्हा खाली केलं. पुन्हा वर सरकवलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला. “उडून गेली तर?” त्याने विचारलं.

मुजिराने कढई उतरवली, हात पुसले आणि नवऱ्याकडे आणि सुनेकडे बघून, जणू बाजाराला जाताना दाराची कडी लावायला सांगावी तसं सांगितलं, “चूल इथंच राहील. पिंजरा या फांदीलाच राहील आणि दार उघडं राहील. राहायचं तर ती राहील, नाहीतर कण्या टिपायला येईलच. आणि ती गोठ्यामागची चूल यांची. उद्यापासून सकाळचा चहा पाकने तिथं करतील, वारा कितीही असला तरी.”